अठरा नळांवरची खाला

या बाईंची ओळख प्रौढ साक्षरांच्या वर्गात झाली. मुलींची शाळा सुटल्यावर तळमजल्यावरील एका खोलीत तो वर्ग भरत असे. बाक लहान मुलींचे होते. प्रस्तुत लेखिकेच्या वाट्याला जो बाक आला, त्याच्या दुसऱ्या टोकाला गुडघे आवळून त्या बसत. इतर बायका दुरून चालत येत. या मात्र भिंतीपलीकडून उठून येत, कारण त्याच शाळेच्या वजूखान्याची राखण हे त्यांचे काम होते. पुढील हकिकत त्यांनीच तुकड्यातुकड्याने सांगितली. तीत पदरचे काही घातलेले नाही.

मुली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत, शिक्षिकाही खालाच म्हणत. तेव्हा येथेही खालाच म्हणणे उचित.

शाळा इमान आणि चारित्र्य घडविण्यासाठी प्रसिद्ध होती. निदान फाटकावर हातभर उंचीच्या अक्षरांत तसे लिहिलेले होते, आणि ज्यांच्या मुली त्या फाटकातून आत जात त्यांनी ते वाचून निश्चिंत व्हावे अशी अपेक्षा होती. नमाजापूर्वी तोंड, कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय धुवावे लागतात, हाच वजू. त्यासाठी तळमजल्यावर एक लांबट खोली होती. भिंतीला अठरा पितळी नळ, नळांसमोर बसण्यासाठी सिमेंटचे अठरा ओटे, मधून उतरत जाणारी मोरी, आणि दारापाशी खालांचे स्टूल.

या कामापूर्वी खालांनी एका इस्पितळाच्या धुलाईघरात बावीस वर्षे काढली होती. पाणी काठीने मोजण्याची विद्या त्यांनी तेथूनच आणली. बांबूच्या काठीवर दोन दोन बोटांवर खाचा पाडलेल्या असत. रोज दुपारच्या नमाजाआधी गच्चीवर चढून त्या टाकीत काठी बुडवीत, आणि नमाज संपल्यावर पुन्हा चढून पुन्हा बुडवीत. पंप किती वेळ चालवायचा हे त्यावरून ठरे. तीनशे बारा मुली नीट वजू करतील, तर पाच खाचा पाणी उतरते, हे त्यांना हाताच्या रेषांइतके ठाऊक होते.

अशा सुरळीत चाललेल्या संसारात मोठ्या आपांनी सद्गुण-पत्रक आणले. मोठ्या आपा म्हणजे मुख्याध्यापिका. त्या कोठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि येताना मुलींचे चारित्र्य मोजण्याची युक्ती घेऊन आल्या. प्रत्येक मुलीच्या गळ्यात एक पुठ्ठ्याचे कार्ड अडकविण्यात आले. घंटा होताच जी नमाजाच्या रांगेत उभी असेल, तिच्या कार्डाला वर्गप्रमुख मुलगी एक भोक पाडी. पन्नास भोकांना एक बिल्ला. जी रांगेत नसेल किंवा मधून उठून जाईल, तिला लाल फुली. तीन फुल्या झाल्या की शिफारसपत्र नाही. आणि शिफारसपत्र नसेल तर संस्थेच्या वरच्या शाळेत प्रवेश नाही. भोक पाडायचा चिमटा तिकीट तपासनिसाकडे असतो तसाच होता. या मुलीत अल्लाहची भीती किती आली आहे, हे आता कोणीही भोके मोजून सांगू शकत होते.

वर्ग सुटल्यापासून रांगेच्या घंटेपर्यंत सात मिनिटे मिळत. नळ अठरा, मुली तीनशे बारा, एकीला नीट वजू करायला दोन मिनिटे तरी हवीत. सात मिनिटांत साठांहून अधिक मुली धुवून निघणे शक्य नाही. हा हिशेब प्रौढ वर्गात तिसऱ्या आठवड्यात जमू लागतो. मोठ्या आपांना दोन पदव्या घेऊनही तो जमला नव्हता.

पत्रक सुरू झाल्यावर पंधरवड्यातच टाकीतले पाणी पाचाऐवजी एकच खाच उतरू लागले. येथे खालांच्या हातून एक चूक झाली. त्यांनी मुलींवर संशय न घेता टाकीवर घेतला. वरून टाकीत पाणी झिरपत असेल, टाकीचा तरंगता चेंडू अडकून ती भरतच राहत असेल, असे धरून त्यांनी नळदुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने टाकी पाहिली, अठराही नळ सोडून पाहिले आणि हत्यारे पिशवीत टाकली.

"खाला, तुमचे नळ धडधाकट आहेत," तो म्हणाला. "मुलीच कोरड्या आहेत."

"तोंड सांभाळून बोल. ही नमाजी पोरं आहेत."

"मी कुठं नाही म्हणतो? मी नळांचं सांगितलं."

खालांनी त्याला चहा न देताच परत पाठविले, आणि संशय काठीवर घेऊन नवी काठी कापली. नव्या काठीनेही एकच खाच दाखविली. तेव्हा कोठे त्या स्टूल सोडून जिन्याच्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि जे पाहिले ते पाहून त्यांना त्या दुरुस्तीवाल्याची मनातल्या मनात माफी मागावी लागली. मुली वजूखान्यावरून वाऱ्यासारख्या पुढे जात होत्या. एक थोराड मुलगी पिण्याच्या बाटलीतून मैत्रिणींच्या बाह्यांवर आणि कपाळावर पाणी शिंपडीत होती, जसे कपड्यांना इस्त्रीआधी शिंपडतात. मनगटे ओली, कोपरे कोरडी, पायांचा तर प्रश्नच नाही. त्या सगळ्या वर जाऊन पहिल्या रांगेत मान खाली घालून उभ्या राहिल्या, आणि चिमटा कट कट करीत त्यांच्या इमानाला भोके पाडीत गेला.

खाला त्याच दिवशी मोठ्या आपांच्या खोलीत गेल्या.

"आपा, मुली वजू करत नाहीत."

"खाला, तुम्ही रांगा बघितल्यात का कधी? फुटपट्टीनं आखल्यासारख्या."

"रांगा बघितल्या. टाकीपण बघितली. आधी पाच खाचा उतरायच्या, आता एक उतरते."

"म्हणजे पाणी वाचतंय."

"वाचतंय खरं."

"मग तोंड का पाडलंय? आनंदाची गोष्ट आहे. किती म्हणालात, पाचातल्या चार? थांबा, लिहून घेते."

त्यांनी खरोखरच लिहून घेतले. आठवड्याने फाटकाजवळच्या फलकावर नवी ओळ आली. त्या काळात खालांना जोडाक्षरे नुकतीच लागू लागली होती. त्या फलकापुढे उभ्या राहिल्या आणि बोट फिरवीत, तीनदा मागे जात, शेवटापर्यंत पोहोचल्या. 'मुलींमधील संयमामुळे वजूच्या पाण्यात ऐंशी टक्के बचत.' त्या संध्याकाळी वर्गात त्यांनी पाटी खाली ठेवली आणि सांगितले, "आज मी आयुष्यातलं पहिलं अख्खं वाक्य वाचलं. खोटं निघालं."

येथपर्यंत प्रकरण केवळ तिरस्कार करण्याजोगे होते, आणि खालांनी तो मनसोक्त केला. पिण्याच्या बाटलीवाल्या मुलीला त्या 'इस्त्रीवाली' म्हणू लागल्या. परंतु शाळेत एक चष्मेवाली मुलगी होती, आणि तिच्यामुळे हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नाही.

ही मुलगी आठवीत होती. तिचे पोट अधूनमधून बिघडे. पोटातला वारा सरला की वजू तुटतो, आणि मग रांगेतून निघून पुन्हा धुवून यावे लागते. यात लाजण्यासारखे काही नाही. धर्माचीच तशी आज्ञा आहे. चष्मेवाली ती आज्ञा पाळी. शेजारणी फिदीफिदी हसत, तरी ती रांगेतून निघे, जिना उतरे, ओट्यावर बसून पुन्हा पहिल्यापासून सगळे नीट धुई, आणि वर जाऊन शेवटच्या रांगेत उभी राही. तीनशे बारा मुलींत नमाज कोणासमोर उभे राहून पढायचा असतो, हे जिला उमगले होते, तिलाच लाल फुल्या मिळत होत्या.

एके दुपारी ती धुऊन झाल्यावर उठेचना.

"काय गं, वर नाही जायचं?" खालांनी विचारले.

"दुसरी फुली झाली, खाला. 'नमाज सोडून गेली' असं लिहिलंय."

"मग बाईंना सांगायचंस की."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, कारणं सगळ्यांकडेच असतात." मुलीने ओल्या बोटांनी चष्मा पुसला, त्यामुळे तो अधिकच मळला. "तिसरी झाली की वरच्या शाळेत घेणार नाहीत. अब्बा म्हणाले, मग पुढं शिकायचं विसर. पुढच्या गुरुवारी संस्थेच्या अध्यक्षाबाई येणार आहेत, कार्डं बघून शिफारशीवर सही करणार आहेत."

"मग?"

"मग तोवर मी उठणार नाही. वजू तुटला तरी तशीच उभी राहीन. कोणाला कळणार आहे?"

"वरच्याला?"

"त्याला कळेलच. पण तो कार्डाला भोक पाडत नाही."

हे उत्तर ऐकून खालांना हसू आले नाही. त्यांच्या आईने त्यांना वजू शिकविला तेव्हा एक लोटा आणि एक दगड एवढेच सामान होते, आणि आईला अक्षर ओळखता येत नव्हते. तेवढ्यावर जे शिकणे झाले, ते पुरे आयुष्य टिकले. आणि या इमारतीत सतरा शिक्षिका, घंटा, कार्ड, बिल्ला आणि फलक एवढा लवाजमा असूनही, जी एक मुलगी घरून सरळ आली होती तिलाही वर्षभरात वाकविण्यात शाळा यशस्वी होत आली होती. आता चार दिवसांचा प्रश्न उरला होता.

गुरुवारी सकाळी सात वाजता खालांनी गच्चीवर जाऊन वजूखान्याची मुख्य चावी फिरवून पाणी बंद केले. पाणी अडविणे हे पाप आहे हे त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनी पिण्याच्या टाकीतून चार बादल्या भरल्या, त्यांवर झाकणे ठेवली, लोटे ठेवले, आणि दारात स्टुलावर बसल्या. जी मागेल तिला द्यायचे. हाक मात्र मारायची नाही, असे त्यांनी ठरविले होते. हाका मारून त्यांचा घसा पूर्वीच बसला होता.

एक वाजता शाळा त्यांच्या समोरून धावत वर गेली. चार मुली थांबल्या. दोघी पाचवीतल्या होत्या. त्यांना शाळेची विद्या अजून पुरती आली नव्हती. एक सातवीतली, छातीवर दोन बिल्ले लावलेली. तिने नळ सोडून पाहिला, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "खाला, एक लोटा द्या ना. कोणाला सांगू नका पण." चौथी चष्मेवाली. लोट्याने धुण्यास वेळ लागला. बाकीच्या तिघी धावत सुटल्या, पण ही पायांच्या बोटांच्या बेचक्याही धुण्याचा हट्ट धरून बसली, आणि वर पोहोचेपर्यंत घंटा होऊन गेली होती. वर्गप्रमुख मुलीने कार्ड हातात घेऊन तिसरी फुली मारली. चष्मेवाली जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. खालून खालांना तिची वहाण तेवढी दिसत होती. आपण करायला काय गेलो आणि झाले काय, असे होऊन त्या स्टुलावरून उठल्या.

तेवढ्यात मोठ्या आपा अध्यक्षाबाईंना घेऊन खाली आल्या. बाईंनाही नमाज पढायचा होता, म्हणून त्या वजू करण्यास आल्या होत्या.

"तीनशे बारा मुली, बाई," आपा सांगत होत्या. "एक सोडून सगळ्या वेळेवर. वजू करून रांगेत तयार."

अध्यक्षाबाई ओट्यावर बसल्या, बाह्या सारल्या आणि नळ फिरविला. नळ कोरडा. त्या शेजारच्या ओट्यावर सरकल्या. तोही कोरडा. मग मोठ्या आपा स्वतः एकामागून एक नळ फिरवीत गेल्या, आणि अठराव्याशी पोहोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा नळापेक्षाही कोरडा झाला होता.

"खाला, पाणी कधी गेलं?"

"गेलं नाही आपा. मी बंद केलंय. सकाळी सातला."

अध्यक्षाबाईंनी सारलेल्या बाह्या तशाच ठेवून शांतपणे विचारले, "मग वरच्या तीनशे बारा मुलींनी वजू कशानं केला?"

मोठ्या आपा विदुषी होत्या; उत्तर त्यांना क्षणात सुचले. "घरून करून येतात, बाई. शिस्तच तशी आहे आपली."

"सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत?"

"टिकवतात."

"तीनशेजणींचा टिकतो," खाला म्हणाल्या, "आणि त्या जिन्यावरच्या पोरीचा एकटीचाच तुटतो. तिसरी फुली पडलीय तिला आत्ता. वर्षभर या शाळेत जी रांगेतून उठून धुवायला खाली येते, ती तीच. बाकी चौघींना पाणी दिलं, तीही त्यातलीच, ओटा अजून ओला आहे बघा."

"चौघींना आणि ती पाचवी?"

"नाही बाई. तिला धरून चार. मी गडबडले."

अध्यक्षाबाईंनी पाणी मागितले. खालांनी लोट्याने ओतले, बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले, आणि या सगळ्याला लागला तेवढा वेळ मोठ्या आपांना उभे राहावे लागले. मग बाईंनी मुलीला खाली बोलावले, तिचे कार्ड मागून घेतले, तीन फुल्या पाहिल्या आणि त्यांच्यावरूनच आडवे 'शिफारस आहे' असे लिहून सही केली. चष्मेवाली पुढे वरच्या शाळेत गेली. अब्बांनी विरोध केला नाही.

एवढ्याने शाळा सुधारली असे कोणी समजू नये. कार्डांचा विषय पुढच्या सभेत घेऊ, असे अध्यक्षाबाई म्हणाल्या. ती सभा झाल्याचे अद्याप ऐकिवात नाही. फलकावरची ओळ पुसली गेली, आणि तिच्या जागी शाळेच्या पाण्यात तांत्रिक बिघाड झाल्याबद्दल दिलगिरी आली. खालांना काढून टाकण्याचे बोलले गेले, परंतु मोरी घासायला दुसरे कोणी तयार होईना, म्हणून तो विचार मोठ्या मनाने सोडून देण्यात आला. इस्त्रीवालीला त्या वर्षीचा आदर्श विद्यार्थिनीचा मान मिळाला.

त्या गुरुवारी वर जाण्यापूर्वी अध्यक्षाबाई दारात थांबल्या होत्या आणि त्यांनी खालांना विचारले होते, "तुमचं स्वतःचं काही मागणं आहे का?"

"आहे," खाला म्हणाल्या. "उद्या एक वाजता मोठ्या आपांनी खाली यावं, पहिल्या नळावर बसावं आणि मुलींच्या देखत वजू करावा."