मनगटाले इचार

वजनवाल्या मॅडमच्या पर्समध्ये आरशाऐवजी लोखंडी वजनं असायची. मालेगावच्या बसमधून उतरल्या की पर्स खणखणायची आणि पॉलिटेक्निकची पोरं "आल्या, आल्या" करत प्रयोगशाळेकडे पळायची. माझ्या तासाला कधी कोणी पळत आलं नाही. सरळच सांगतो, मी जळायचो.

विषय आमचा एकच, तुळई भाराखाली कशी वाकते तो. पोरांच्या भाषेत बेंडिंग मोमेंट. मी फळ्यावर रंगीत खडूंनी अशी आकृती काढायचो की शिपायालाही पुसवत नसे. मॅडम मात्र मधोमध कापलेली तुळई दोन टेकूंवर ठेवायच्या, कापलेली दोन्ही टोकं पोराच्या मुठींत द्यायच्या आणि तिथंच वजन टांगायच्या. उचलायची नाही, नुसती सरळ धरायची. पोरगं घामाघूम झालं की बाई अस्सल आपल्या किन्हीराजा गावच्या ठसक्यात म्हणायच्या, "माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यला? मनगटाले इचार!"

"ही प्रयोगशाळा आहे की आखाडा?" असं मी स्टाफरूममध्ये मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो. त्या हसून डबा पुढे करायच्या, "घ्या सर, ठेचा घ्या." ठेचा झकास असायचा. त्याचाही राग यायचा.

माझी मुलगी त्याच वर्गात होती. सगळ्यात मोठा मोमेंट, म्हणजे तुळई वाकवणारा जोर, ती हटकून टेकूवर दाखवायची. "सगळा भार टेकूच उचलतो ना, बाबा?" तो मधोमध असतो, हे घसा बसेपर्यंत मी समजावलं. पोर मान डोलवायची आणि पुन्हा तेच काढायची. मॅडमनी तिला आधी मधोमध कापलेली तुळई धरायला दिली, मग टेकूलगत कापलेली. संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या ती ओरडली, "बाबा, मधात मनगटं पिरगळतात, टेकूपाशी काहीच नाही! कित्ती सोपं आहे!"

पुढे मॅडमची बदली झाली. निरोपाला पोरी रडल्या, त्यात माझीही. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचा. प्रयोगशाळा माझ्याकडे आली. पहिल्याच तासाला एकाच्या हातात तुळई देऊन मी रुबाबात म्हणालो, "मनगटाला विचार." तो म्हणाला, "सर, हे तं मॅडमचं हाये."

मुलगी आता मंगरुळपीरकडे पुलाच्या कामावर इंजिनिअर आहे. परवा तिचा फोन आला. काँक्रीट पक्कं व्हायच्या आतच ठेकेदार मधले टेकू घाईनं काढायला निघाला होता, हिनं काढू दिले नाहीत. "त्याले म्हटलं, आधी मनगटाले इचार!" आणि खळखळून हसली.

"शाबास," मी म्हणालो आणि फोन ठेवला. कार्टी आडनाव माझं लावते आणि बोलते त्या बाईचं.