ट्रेलरची किल्ली

आमची मावशी लॉन्ड्री चालवते आणि सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवते. त्याला इंजिन नसतं. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा सापडली तर ठीक, नाहीतर मिळेल त्या शेतात उतरायचं. म्हणून क्लबात लांब जाणाऱ्याने ग्लायडर वाहून आणायच्या आपल्या ट्रेलरची किल्ली फळ्यावर टांगून जायचं, म्हणजे मागचे लोक त्याला उचलून आणतात. मावशीला असं दोनदा आणलं होतं.

परवा ती तीनशे किलोमीटरच्या फेरीला निघाली. ग्लायडर घेऊन क्लबच्या पाण्याच्या टाकीपलीकडे कधीही न गेलेले सेक्रेटरी म्हणाले, "ताई, या वयात कशाला? बरं, किल्ली टांगा, आम्ही आहोतच."

मावशीने किल्ली खिशात टाकली. "तीस वर्षं वाफेत उभी आहे. गरम हवा कुठे जाते ते मला शिकवू नका."

वर चढणारी हवा कुठे आहे हे ढगांवरून कळतं; दुपारी ते ढगच विरले. सेक्रेटरी फोनपाशी खुर्ची टाकून बसले. फोन वाजलाच नाही. संध्याकाळी मावशीच धावपट्टीवर उतरली.

"ढगांशिवाय आलात कशा?"

"नांगरलेली काळी रानं बघत आणि घारींच्या मागे मागे." तिने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "ठेवा तुमच्याकडे. टाकीपलीकडे गेलात तर लागेल."