आठ दिवसांनी वाढवणे

आमच्या दुकानात बांगडी फुटत नाही, वाढते. लहानपणी हसनाबादला माझ्या हातून डझनभर बांगड्या खाली पडल्या आणि मी ओरडले, "आई, फुटल्या गं." आईनं आधी माझ्या पाठीत धपाटा घातला, मग काचा वेचल्या. फुटणं, संपणं, विझणं, बंद होणं हे शब्द बांगडीवाल्याच्या घरात उच्चारायचे नसतात. बांगडी वाढली, दिवा वाढवला, संध्याकाळी दुकान वाढवलं. बाकीचे लोकही थोडंफार असंच बोलतात, पण आमच्याकडे त्याचा धाक होता. शेजारची पोरं शिव्या दिल्या म्हणून मार खायची, मी एका साध्या क्रियापदापायी खाल्ला.

बांगड्या भरायला मी आईच्याच हातावर शिकले. तिचा हात सव्वादोनच्या मापाचा, लहानखुरा, हाडं हाताला लागतील असा, आणि करंगळी आतल्या बाजूला वाकलेली. आपल्या डाव्या हातानं समोरच्या बाईचा पंजा धरायचा, अंगठ्याचं मूळ आत दाबायचं, सांधे एकमेकांजवळ आणायचे आणि उजव्यानं बांगडी सरकवायची. लोकांना वाटतं, कसब उजव्याचं. आई म्हणायची, "काम सगळं डाव्याचं. डावा सुटला की बांगडी वाढली." पुढं लग्न होऊन मी वडीगोद्रीला आले. रस्त्याला लागूनच सासरचं दुकान. दहा वर्षांत माझा हात असा बसला की डोळे मिटून हात हातात घेतला तरी बाई कोण ते सांगता यायचं. त्याचा मला गर्व होता, कबूल करते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्नसराईचा माल आणायला मी जालन्याला गेले, आईही हसनाबादहून तिथं आली आणि परतताना चार दिवस राहायला म्हणून माझ्यासोबत निघाली. टेम्पोत मागच्या बाजूला, खोक्यांना टेकून आम्ही दोघी बसलो. आई गाडीला भ्यायची. "तुला काय मी पळवून नेऊन राह्यले का?" असं मी तिला चिडवलं आणि तिचा हात माझ्या डाव्या हातात घेतला. वडीगोद्री अगदी जवळ आली आणि टेम्पो कलला. खोकी सरकताना पाहिली, तेवढं आठवतं.

शुद्धीवर आले ती औरंगाबादच्या दवाखान्यात. उशाशी नवरा. मी आधी विचारलं, "माल?" ते म्हणाले, "सगळा वाढला." मग विचारलं, "आई?" तेव्हा मात्र ते खिडकीकडं बघत राहिले. माझा डावा हात कोपराच्या थोडा खाली संपत होता, तिथं पांढरं बँडेज होतं. हात गेला याचं मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही, कारण तो गेलाच नव्हता. चादरीखाली पाचही बोटं होती. आणि त्या बोटांत आईचा हात होता.

मी तो नीट तपासला. सव्वादोनचं माप, वाकडी करंगळी, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा. गावभरचे हात ओळखणारी मी, हा ओळखणार नाही का? तो कोमट होता. सिस्टर चादर झटकायला यायची तेव्हा तिचा हात आमच्या दोघींच्या हातांतून आरपार जायचा आणि मी अंग चोरून घ्यायची. सिस्टरला वाटायचं, बाईला टाके दुखतात.

घरी आल्यावर दुखणं सुरू झालं. रोज दुपारी, दुकानासमोरची सावली आखडली की ते यायचं. तापल्या तव्यावर पंजा ठेवून वरून कुणी दाबून धरावा तसं. दुखायची बोटं, आणि सासू बाम चोळायची कोपराला, कारण चोळायला तेवढंच उरलं होतं. माझी पाच वर्षांची लेक डावीकडं येऊन बसली की मी खेकसायची, "हातावर बसू नको." ती खालच्या रिकाम्या चटईकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि रडायची. पुढं पुढं ती माझ्या डावीकडं यायचीच बंद झाली. दोन वर्षं असं चाललं. सासूचा नारळ उतरवून झाला, पीराचा अंगारा लावून झाला. "हिच्या आईचा जीव घुटमळून राह्यला," असं ती शेजारणीला हळूच सांगायची. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, घुटमळत नाही, माझ्या हातात आहे.

एवढं दुखूनही मला ते पूर्ण जायला नको होतं. त्याला कारण होतं. समाचाराला आलेली एक बाई सहज बोलून गेली होती, "तू टेम्पोखाली, अन् तुही आई पार रस्त्याच्या पल्याड व्हती, निजवल्यावानी." तेव्हापासून एकच विचार मला कुरतडत होता. आई पलीकडे असेल तर मी तिचा हात सोडला असणार. टेम्पो कलला आणि मी स्वतःला सावरायला हात सोडला असणार. मग दुपारी हात पेटायचा, त्यात आईचा हात घट्ट असायचा, आणि मला वाटायचं की नाही, सोडलेला नाही, हा काय इथंच आहे. दुखणं हाच माझा साक्षीदार होता.

नवरा काही मला तसं सोडणार नव्हते. कुणीतरी सांगितलं म्हणून ते मला जालन्याला एका नसांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर तरुण, पुण्याकडचा, बोलणं शुद्ध. मी म्हटलं, आधी गावात घेत होते त्या इंजेक्शनानं नुसती दिवसभर गुंगी येते. तो म्हणाला, "ते थांबवू, ताई. त्याची सवय लागते. हे औषध त्या जातीचं नाही. मुळात मिरगीवरचं आहे, पण नसांच्या दुखण्यालाही लागू पडतंय. आपल्याकडे नवीनच आलंय. करून बघू." मग समजावलं की हात गेला तरी मेंदू अजून त्याला शोधतोय. मला सांगावंसं वाटलं, शोधतोय कशाला, सापडलाय की. पण आईचं मी त्याला काही सांगितलं नाही, वेड्यात काढलं असतं. त्यानं पिवळ्या कॅप्सूल दिल्या आणि चिठ्ठीवर मराठीत लिहिलं: रोज एक. आठ दिवसांनी वाढवणे.

घरी सासू भडकली. "मिरगीची गोळी? हिला कवा मिरगी आल्ती?" नवरा म्हणाले, "गुण येऊ दे, मंग कशाची का असंना."

पहिले दोन दिवस डोकं जड होतं आणि चालताना जमीन पायाला उशिरा लागायची. पाचव्या दिवशी दुपार झाली, सावली आखडली, आणि दुखणं आलं नाही. मी दुकानात बसून त्याची वाट बघत होते. रस्त्यावरून ट्रक जात होते, समोर काचेच्या कपाटात बांगड्या त्या हादऱ्यानं बारीक किणकिणत होत्या. आणि तेव्हा, नसलेल्या हाताची करंगळी उघडली. मी उघडली नाही. कुणीतरी ती धरून, नेटानं, मागं वळवली.

सहाव्या दिवशी त्याच वेळी अनामिका उघडली. सातव्या दिवशी मधलं बोट. हात आखूडही होत चालला होता, पंजा कोपराकडं सरकत होता. आईचा हात आता माझ्या अंगठ्यात आणि तर्जनीत तेवढा अडकलेला, तोही घसरणीला लागलेला. मी उजवा हात खाली धरून बसायची, पडलाच तर झेलावा म्हणून. समोरून बघणाऱ्याला ते किती विचित्र दिसत असेल हे मला कळत होतं.

आणि खोटं कशाला सांगू, त्याच दिवसांत मी दोन वर्षांनी गरम भाकरी चवीनं खाल्ली. लेक दुपारी येऊन डावीकडं झोपली आणि मी तिला उठवलं नाही. मला बरं वाटत होतं आणि भीती वाटत होती, दोन्ही एकाच वेळी. आईला सोडून बरं व्हायचं, असा तो सौदा होता.

आठव्या दिवशी सकाळी नवऱ्यानं देवळीतली चिठ्ठी काढून वाचली. "आठ दिवसांनी वाढवणे. म्हंजे आजपासून औषध बंद, बराबर ना?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते मनापासून विचारत होते. रोज संध्याकाळी दुकान वाढवणारा, जन्मात कधी बंद केलं न म्हणणारा माणूस, त्यानं ते वाक्य दुसरं कसं वाचावं? पण मी डॉक्टरचं बोलणं ऐकलं होतं. "हळूहळू वाढवत नेऊ," असं तो म्हणाला होता, तेव्हा हे बाहेर गाडीची वेळ विचारायला गेले होते. त्याचं वाढवणं वेगळं आणि आमचं वेगळं, हे मला पुरतं कळत होतं.

मी म्हणाले, "बराबर. आजपासून बंद."

त्या रात्रीपासून कॅप्सूल थांबली. दोन दिवस नुसती तगमग झाली, घाम फुटायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी हात परत आला. तो आला तोच पूर्ण लांबीचा, पाचही बोटांचा, मूठ आवळलेला, तव्यावर दाबलेला. कळ डोक्यापर्यंत गेली, पण मला हसू आलं. मी डोळे मिटले आणि मुठीत आईचा हात चाचपला.

मूठ रिकामी होती.

माझीच नखं माझ्याच तळव्यात रुतत होती. आणखी दोन दुपारी मी शोधलं. नुसतं दुखणं परतलं होतं, तिला न घेता. मला कळून चुकलं की आधी एकदा मी तिला टेम्पोत सोडली, आणि आता समजून उमजून औषधाशी लबाडी करायला गेले तर दुसऱ्यांदा सुटली. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मी आत जाऊन रडले.

नवऱ्यानं मला पुन्हा जालन्याला नेलं. डॉक्टरनं विचारलं, "औषध वाढवलं का?"

"हो साहेब," नवरा म्हणाले. "बराबर आठव्या दिवशी वाढवलं."

"किती केलं?"

"पुरं वाढवलं. एक बी ठेवली न्हाई."

डॉक्टर खुर्चीतून अर्धा उठला. त्याला वाटलं, मी सगळं पाकीट एकदम गिळलं. मग कोण काय म्हणतंय ते उलगडेपर्यंत पाच मिनिटं गेली. डॉक्टर आधी हसला, मग रागावला. हे औषध असं एकदम तोडायचं नसतं, म्हणाला. नवरा खाली मान घालून ऐकत होते. या वेळी त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, दोन कॅप्सूल करणे, आणि दोनखाली दोन रेघा ओढल्या.

अंबडच्या पुढं गाडी रिकामी झाली. नवरा म्हणाले, "तू तर शिकलेली बाई. तुला कळलं न्हाई का?"

"कळलं होतं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

मग मी सांगितलं. आईचा हात, त्याची ऊब, औषधानं तो सुटायला लागला ते, आणि परत आलेली रिकामी मूठ. ती बाई काय म्हणाली होती तेही सांगितलं. "मी तिला सोडली होती," मी म्हणाले. "टेम्पो कलला तेव्हाच."

त्यांनी समोरच्या सीटची दांडी धरली. खिडकीबाहेर कपाशीची रानं उन्हात पडली होती. मग ते बोलले, माझ्याकडं न बघता.

"तू न्हाई सोडलं. मी पळत आल्तो दुकानातून. तुहा हात टेम्पोच्या फळीखाली, अन् पंजा तेवढा पल्याड, त्यात त्यांचा हात. मला वाटलं, त्यांचा श्वास चालू हाये, त्यांना आधी काढावं. पण तू सोडंना. बेशुद्ध व्हती तरी सोडंना." त्यांनी दांडीवरची आपली बोटं बघितली. "मीच सोडवला. करंगळीपासून धरलं, एकेक बोट मागं वळवलं. लई ताकद लागली. मंग त्यांना उचलून पल्याड निजवलं. त्या तवाच गेल्त्या. दोन वरसं झाले, तुला कसं सांगावं ते कळंना."

करंगळीपासून. बोटं कोणत्या क्रमानं उघडली, कुणीतरी ती कशी वळवली, हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. त्यांना आताही नव्हतं सांगितलं, हात सुटायला लागला एवढंच म्हणाले होते. अंगावर काटा आला. पण त्या काट्याच्या आत, दोन वर्षांत पहिल्यांदा, मला मोकळं वाटलं. आई शिकवायची तसंच मी केलं होतं. डावा सोडला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा सासू दुकानात बसली होती. मी पाणी घेतलं आणि दोन कॅप्सूल गिळल्या. दारात उभ्या नवऱ्यानं विचारलं, "वाढवू का?" दुकानाचं विचारत होते.

"वाढवा," मी म्हणाले.