बाबांचा हिरो चुकायला लागला

माझ्या सासऱ्यांना हॉलिवूडमधल्या एका जुन्या नटाचं अख्खं आयुष्य पाठ होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कोणी घ्यायचंच नाही. तो नुसता ‘हिरो’ होता. लग्न होऊन मी त्यांच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हिरोची गोष्ट ऐकवण्यात आली, आणि पुढच्या बारा वर्षांत ती मी निदान तीस वेळा तरी ऐकली असेल. आधी कौतुकानं, मग सवयीनं, आणि खरं सांगायचं तर नंतर कांदा चिरता चिरता, अर्ध्या कानानं.

गोष्ट अशी. हिरो लोहाराचा मुलगा. हॉलिवूडला गेला तो घोडे सांभाळायला. सहा वर्षं त्याला पडद्यावर एक शब्द बोलायला मिळाला नाही. मग एके दिवशी कोणी नट आजारी पडला आणि हिरोच्या वाट्याला वाक्य आलं, ‘साहेब, घोडा तयार आहे.’ हे वाक्य बाबा उभं राहूनच म्हणायचे, मग जेवणाचं ताट समोर असो की पाहुणे. तिथून तो खराखुरा हिरो झाला. चाळिशी उलटली तशी स्टुडिओवाले त्याला नायिकेच्या काकाची कामं देऊ लागले. याचं डोकं फिरलं. अभिनय सोडून त्यानं दिग्दर्शक व्हायचं ठरवलं. लोक हसले. पहिला सिनेमा आठवडाभरही चालला नाही, आणि पुढची चार वर्षं त्याला कोणी दारात उभं केलं नाही. दुसरा चालला, तिसरा गाजला. पडद्यावर तो पुन्हा आला तो एकदाच, त्याच तिसऱ्या सिनेमात, खिडकीपाशी पाठमोरा उभा असलेला माणूस म्हणून. शेवटचा सिनेमा केला तेव्हा त्याला नीट दिसत नव्हतं. डोळे मिटून खुर्चीत बसायचा आणि नटांचं बोलणं नुसतं ऐकून काम चोख झालं की नाही ते सांगायचा.

बाबा एका विमा कंपनीत कारकून होते. ऑफिसच्या नाट्यस्पर्धांत त्यांनी पंधरा वर्षं कामं केली, आणि मग हिरोनं केलं म्हणून आपणही नाटकं बसवायला लागले. घरातही तेच. पाहुण्यांसमोर चहा कुणी कुठून आणायचा, हे ते डोळ्यांनी सांगत. सासूबाई म्हणायच्या, ‘मला अजून एकदा तरी मनासारखी एन्ट्री घेऊ द्या.’

त्या सासूबाई गेल्या, आणि दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आले. तीन महिन्यांच्या व्हिसावर. माझा नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, मी एका छोट्या कंपनीत अर्धा दिवस कामाला, आणि आमची नऊ वर्षांची मुलगी, जिला मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं. बाबांना जर्मनचा गंध नव्हता. तरी आजोबा-नातीचं मस्त जमलं. संध्याकाळी दोघं बाल्कनीत बसायची आणि हिरोची गोष्ट चालायची, एका बाजूनं मराठी, दुसऱ्या बाजूनं जर्मन.

आठव्या आठवड्यात जेवताना बाबा म्हणाले, ‘हिरोचा पहिला सिनेमा काय गाजला! त्यातच तो पाठमोरा उभा राहिला होता ना.’

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पोळीत भाजी गुंडाळत होता, त्याच्या काही लक्षात आलं नाही. मी म्हटलं, ‘बाबा, तिसरा ना?’ ते क्षणभर थांबले, हसले आणि म्हणाले, ‘हो हो, तिसराच. मी काय म्हटलं?’

दुसरं कोणी असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हा माणूस वाण्याची यादी विसरला असता, हिरो विसरला नसता.  त्या दिवसापासून मी त्यांची परीक्षा घ्यायला लागले. अगदी निर्लज्जपणे. कपडे वाळत घालताना विचारायचं, ‘बाबा, हिरो हॉलिवूडला कशासाठी गेला होता हो?’ कधी उत्तर बरोबर यायचं. कधी ते म्हणायचे, ‘स्वयंपाकी म्हणून,’ आणि लगेच विषय बदलायचे. तो विषय बदलणंच मला जास्त घाबरवायचं. मग एकदा शेगडी चालू राहिली. ते फिरायला गेले आणि ओळखीच्या चौकातून उलट्या दिशेला वळले. एकदा घराची चावी फ्रीजमध्ये सापडली, दह्याच्या डब्यामागे.

चावी पाहून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रडण्यात माया किती आणि भीती किती, ते मला आजही सांगता येणार नाही. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर हा माणूस एकटा राहणार. गॅस, लिफ्ट, रस्ता. शेजारी चांगले होते, पण शेजारी ते शेजारीच. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘अगं, वय झालंय. मीपण चावी विसरतो.’

‘फ्रीजमध्ये?’ मी ओरडले.

 त्यालाही भीती वाटत होती, पण त्याची तऱ्हा अशी की भीती वाटली की हा सायकलचं चाक उघडून बसतो. त्या महिन्यात आमची सायकल फार चांगली चालली.

मेंदूच्या डॉक्टरची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, इथे महिनोन् महिने मिळत नाही. मी रोज सकाळी आठ वाजता फोन लावून बसायची. शेवटी कोणाची तरी रद्द झालेली वेळ मिळाली. बुधवारी सकाळी दहा. बाबांचं परतीचं विमान त्याच आठवड्यात शनिवारी होतं. बाबांना मी सांगितलं, ‘नुसतं तपासून घेऊ.’ ते म्हणाले, ‘घेऊ की,’ आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर तयार झाले.

सोमवारी शाळेच्या आधी मी मुलीची वेणी घालत होते. सहज म्हटलं, ‘आजोबांची गोष्ट हल्ली चुकते ना गं?’

‘नाइन,’ म्हणजे नाही, असं ती म्हणाली. मग तिच्या जर्मनमध्ये तिनं मला सगळा हिरो सांगितला. लोहार, घोडे, सहा वर्षं, काकाची कामं, पडलेला पहिला सिनेमा, तिसऱ्यातला पाठमोरा माणूस. एक चूक नाही. आणि म्हणाली, आजोबा चुकतात ते फक्त तुम्ही समोर असता तेव्हा.

माझी बोटं थांबली. वेणी अर्धी राहिली. मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. आपोथेकेतून, म्हणजे औषधांच्या दुकानातून, मी गोळ्यांसोबत विसरभोळेपणावरचं एक चित्रांचं पत्रक आणलं होतं, आणि फ्रीजमधल्या चावीचं चित्र त्या पत्रकातच होतं. ते पत्रक चावी सापडायच्या आठवडाभर आधीपासून टेबलावर पडून होतं. आणि त्याच्याही आधीचा एक रविवार आठवला. नवऱ्याचा एक मराठी सहकारी जेवायला आला होता. तो आपल्या आईला कायमचं इथे आणायला धडपडत होता. नवरा त्याला म्हणाला होता, ‘गेनाऊ, अगदी बरोबर, आई-वडिलांना इथे ठेवूनच घेत नाहीत रे. एकटे राहूच शकत नाहीत, असं डॉक्टरनं लिहून दिलं तर काही आशा. तेही कठीणच.’ बाबा शेजारी बसून मटार सोलत होते. त्यानंतर चौथ्या दिवशी हिरो चुकला होता.

मला राग आला. असा राग की दुपारी ऑफिसात मी एका बिचाऱ्या माणसाला विनाकारण झापलं. महिनाभर माझी झोप उडवली या माणसानं! पण संध्याकाळपर्यंत दुसरीच शंका आली. कदाचित उलट असेल. कदाचित नातीसमोर ते खूप आटापिटा करून सावरत असतील, आणि आमच्यासमोर तो आटापिटा सुटत असेल. मला नाटकातलं काय कळतं? ऑफिसच्या हौशी नटांना ते शिकवायचे, ‘विसरणारा माणूस विसरल्याचं दाखवत नाही, तो लपवतो. तुम्ही लपवण्याचा अभिनय करा.’ आमच्या घरी तर ते लपवतच होते. मग हे खरं की अभिनय? मी नवऱ्याला काहीच सांगितलं नाही, आणि टर्मिनही रद्द केली नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्या जर्मनमध्ये विचारणार, मी मराठीत सांगणार, बाबा उत्तर देणार, मी ते पुन्हा जर्मनमध्ये करणार, असं ठरलं. आज वार कोणता? बाबांनी खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘शुक्रवार.’ मी भाषांतर केलं. बाईंनी लिहून घेतलं. महिना चुकला. लिंबू, टेबल, चेंडू हे तीन शब्द लक्षात ठेवायचे होते, त्यातलं लिंबू राहिलं, बाकीचे गेले. घड्याळ काढायला सांगितलं, तर आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले.

आणि ते आकडे काढताना बाबांनी पेन्सिल जरा उंच धरून हात थरथरवला. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसेल असा. तेव्हा मला कळलं. इथे ते लपवत नव्हते, दाखवत होते. अभिनयच होता, आणि चाळीस वर्षांतला सगळ्यात वाईट. घाबरले होते बिचारे.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला सरळ विचारलं, ‘तुम्ही त्यांच्यासोबत आहात इतके दिवस. तुमचं मत काय? हे घरी एकटे राहू शकतील?’

‘काय विचारतायत?’ बाबा म्हणाले.

‘तुम्ही एकटे राहू शकाल का, असं. आणि त्या मला विचारतायत.’

 माझ्या मांडीवरचे हात कापायला लागले, आणि ते काही मी मुद्दाम कापवत नव्हते. मी ‘नाही’ म्हणणार होते. शपथेवर सांगते, तोंडात शब्द आला होता. एका डॉक्टरच्या तोंडावर, तिच्या कागदावर उतरेल असं खोटं मी बोलणार होते, कारण त्या क्षणी मला त्यांच्या पुण्यातल्या फ्लॅटमधली ती एकच ओली बशी दिसत होती, जी ते रोज स्वतः धुऊन पालथी घालतात.

बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे. आणि खुर्चीत ताठ बसून, इंग्लिश सिनेमे पाहून शिकलेल्या त्यांच्या इंग्रजीत डॉक्टरीणबाईंना म्हणाले, ‘मॅडम, प्लीज. वन मोअर टेक.’

त्यांना आधी कळेना. मग त्या हसल्या आणि कोरा कागद पुढे केला. बाबांनी वार सांगितला, महिना सांगितला, लिंबू, टेबल, चेंडू सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत ते दोनापर्यंत आले. बाईंनी थांबा म्हटलं तरी थांबले नाहीत. घड्याळ असं काढलं की त्यात सेकंदकाटाही होता. ‘मघाशी नर्व्हस होतो,’ म्हणाले. बाईंनी त्यांच्याशी हात मिळवला आणि मला म्हणाल्या, अभिनंदन, वडील ठणठणीत आहेत.

मला सुटल्यासारखं वाटलं. पूर्ण, अंगभर. हे मी लिहून ठेवते आहे, कारण त्या सुटकेत काय काय होतं ते मला माहीत आहे. ते धडधाकट आहेत हे होतं. आणि शनिवारचं तिकीट बदलावं लागणार नाही, हेही होतं.

ट्रामच्या स्टॉपवर आम्ही दोघं बाकावर बसलो. सात मिनिटं होती. मी म्हटलं, ‘बाबा, हे कशाला केलंत? मी महिनाभर मेले काळजीनं.’

‘माहितेय. चूकच झाली.’ ते समोरच्या रुळांकडे पाहत होते. ‘पण तुला खोटं बोलायला लागणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं, भूमिका माझी एकट्याची आहे.’

‘राहायचं होतं तर तसं सांगायचं ना आम्हाला.’

‘विचारलंत कुठे?’

आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते. मी आठवून पाहिलं. जेवलात का विचारलं होतं, थंडी वाजते का विचारलं होतं, गोळी घेतली का, चालायला गेलात का, हिरो कशासाठी गेला होता. व्हिसाचे नियम, डॉक्टरचे कागद, सगळ्यांवर आम्ही त्यांच्यादेखत बोललो होतो. राहायला आवडेल का, हे तीन महिन्यांत मी नाही, त्यांच्या मुलानं नाही, कोणीच विचारलं नव्हतं. नियम आड येतच होते, पण विचारायला नियम आड येत नव्हते.

‘तिकीट शनिवारचंच ना?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘दुपारचं?’

‘दोन वाजता. फ्रँकफर्टहून.’

‘म्हणजे सकाळी लवकर निघावं लागेल.’

मी मान हलवली. ते माझ्याकडे बघत होते, हे मला न वळता कळत होतं. अजून चार मिनिटं होती, मध्ये कोणी नव्हतं, आणि प्रश्न अगदी तीन शब्दांचा होता. पण ते हो म्हणाले असते तर मी काय करणार होते, ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी तेव्हाही विचारलं नाही.