बाभळीची काठी
पुसदच्या मोटारस्टँडामागं लखीराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याच्या आज्यानं जन्मभर पाठीवर धान्य-मीठ वाहणाऱ्या लदणीच्या बैलांच्या पोटाला कान लावून दुखणं ओळखलं. नातू बाभळीची काठी इंजिनावर टेकवी, दुसरं टोक कानाला लावी आणि रोग सांगे. या विद्येचा त्याला भारी ताठा होता.

एकसष्ट साली नरहर वकिलांनी नागपूरहून शर्यतीची जुनी, दोनच माणसं बसतील अशी लाल मोटार आणली. ती ठकठक करी. लखीरामनं बेअरिंग बदललं, मोटार चालू केली, काठी कानाला लावली आणि त्याची कळी खुलली. "पाहा वकीलसाहेब, कशी गुमान चालून राह्यली!"

वकिलांचं तोंड उतरलं. जवळ येऊन ते ओरडलेच, "लखीराम, ठकठक तशीच आहे!"

"कुठी हाय? मले नका शिकवू. आपले कान तपासून घ्या!"

तेवढ्यात कुणीतरी त्याची बाही ओढली. भाकर घेऊन आलेली त्याची बायको, हंसाबाई. केव्हाची हाका मारत असावी, पार वैतागली होती. तिनं मान झटकली. केसांत गुंफलेली चांदीची घुंगरं त्याच्या डोळ्यांसमोर हलली. नुसती हलली, वाजली नाहीत.

लखीरामनं काठीचं टोक हळूच दातांत धरलं, दुसरं इंजिनावर टेकवलं. ठकठक जबड्यातून थेट डोक्यात चढली.

वकील हातानं 'बंद कर' म्हणून खुणावत होते. त्यानं इंजिन बंद केलं नाही. काठी दातांत घट्ट धरून तो तसाच वाकून राहिला.