वाकायचं नाही, असं बजावणाऱ्या कुसुमताई

कुसुमताईंशी माझी ओळख झाली ती आमच्या मलकापूरच्या घरातल्या मोरीत. वडिलांच्या खुब्याचा सांधा बदलायला आठ दिवस उरले होते. परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या ताई ऑपरेशनआधी पेशंटच्या घरी येऊन पुढची तयारी करून देतात, असं ऐकून मी त्यांना बोलावलं होतं. वाटलं, रिपोर्ट पाहतील. त्या पाणीही न घेता फरशी किती निसरडी आहे ते पाहायला आत गेल्या. मग टेपने पलंगाची उंची मोजली, पायपुसणी उचलायला लावली आणि वडिलांना विचारलं, "गुरुजी, नात्यात तुमच्याहून मोठं कोण कोण हाये?"

मला हसू आलं. दोनच नावं निघाली, वडनेर भोलजीचे मोठे काका आणि साखरखेर्ड्याची आत्या. "गुरुजीले तीन महिने वाकायचं नाही, हे त्या दोघायले आधीच कळव," असं मला बजावून ताई गेल्या. मी पडले शिकलेली मास्तरीण. भेटायला येणाऱ्यांना कसले नियम लावायचे, म्हणून मी कुणालाच कळवलं नाही.

ऑपरेशन छान झालं. बाराव्या दिवशी काका दारात आले आणि वडिलांनी वॉकर सोडून सवयीने त्यांच्या पायांकडे हात नेले. सांधा निखळला. वडील कळवळत होते, काका भिंतीला टेकून रडत होते. "दादासमोर ताठ उभा राहू काय मी?" गाडीत घालतानाही वडील हेच म्हणत होते.

सांधा पुन्हा बसवला, पण वडिलांनी धास्ती घेतली. पाय पलंगाखाली टाकेनात. आता हे कायमचे अंथरुणालाच खिळतात की काय, या भीतीने मी ताईंपुढे सगळं कबूल केलं. बोलणी खायची तयारी होतीच. त्या म्हणाल्या, "चूक माहीबी हाये. तुले काम सांगतलं, पन काऊन ते नाही सांगतलं." इतक्या मोठ्या मनाचं माणूस मी पाहिलं नव्हतं. पुढे तीन आठवडे त्या रोज आल्या. वडिलांना रागावल्या, त्यांची थट्टा केली, त्यांचा चहा मुद्दाम खिडकीशी ठेवत राहिल्या. अखेर एका सकाळी वडील वॉकर धरून तिथवर गेले. आज ते स्वतः बाजारातून भाजी आणतात.

तेव्हापासून सुटीच्या दिवशी मी ताईंसोबत घरोघर जाते. त्यांचे स्वतःचे गुडघे झिजलेत, हे जिने चढताना दिसतं. दोन वर्षं त्या ऑपरेशन टाळताहेत. "माह्या पेशंटचं कोण पाहीन?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. आजच्या या पंचाहत्तरीच्या सोहळ्यात त्यांना निरोगी दीर्घायुष्य चिंतून थांबणं सोपं आहे. पण ताई, या सगळ्यांसमक्ष हक्काने विनवते, आता तारीख घ्या. पेशंट आम्ही पाहू. शंभरी तुम्हाला आपल्या पायांनी चालत गाठायची आहे.