काळा ब्लाउज

परवा साखरपुड्यात एका मुलीने पिवळ्या साडीवर काळा ब्लाउज घातला होता. "हा एकच माझ्या सगळ्या साड्यांवर जातो," ती म्हणाली. माझ्या वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, तिला म्हणाल्या, "काय स्टाइल आहे गं तुझी."

माझं डोकंच तडकलं. नवी नवरी होते तेव्हा माझाही काळा एकच होता, पाचही साड्यांवर तोच. तेव्हा याच वन्सं चारचौघींत विचारायच्या, "माहेरी दुसरा मिळाला नाही वाटतं?" मुलीला शोभत होता, खोटं कशाला बोलू. पण गरजेपोटी घातलेल्याची लाज वाटावी आणि हौसेने घातलेल्याचं कौतुक व्हावं, हे ठरवतं कोण? वन्संच ठरवतात.

"तूही असाच घालायचीस, नाही गं?" त्या गोड हसून म्हणाल्या.

"हो. आणि तुम्ही काय बोलायचात, तेही आठवतंय."

जेवायला त्या दुसऱ्या पंगतीत बसल्या. मी निवांत जेवले.